एआयनं औषध शोधायचं, नफा कुणी घ्यायचा नाही: आपल्या नाशिकला याचं काय?

सातपूरकर (धागाकर्ता)

मी फार्मात आहे, फॉर्म्युलेशनमध्ये. म्हणजे मॉलिक्यूल शोधणारे वेगळे, आम्ही दुसऱ्यानं शोधलेल्याची गोळी करणारे. ग्रुपवर रोज एक फॉरवर्ड असतोच, एआयनं अमुक औषध शोधलं आता तमुक आजार संपला, आणि खाली रांगेनं अंगठे. पण ज्या आजारांत कुणालाच पैसा दिसत नाही तिथं ना-नफा संस्था आणि एआयवाले मिळून काय करतायत हे कुणी टाकत नाही, म्हणून धागा.

डीएनडीआय ही जिनिव्हाची संस्था, २००३ ची. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सनं १९९९ च्या नोबेलचे पैसे दुर्लक्षित आजारांच्या कामाला लावले त्यातून ती उभी राहिली, आणि संस्थापकांत आपली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पण आहे, हे आपल्याकडे फार्मातल्या लोकांनाही माहीत नसतं. त्यांचं एकच काम सांगतो. आफ्रिकेतला झोपेचा आजार, त्यावरचं जुनं औषध मेलार्सोप्रोल, आर्सेनिकवालं, शिरेतून द्यायचं, आणि आजार राहिला बाजूला औषधानंच शंभरातले साधारण ५ पेशंट जायचे. यांनी कंपन्यांच्या जुन्या अडगळीतली मॉलिक्यूल्स परत तपासायला घेतली, त्यात फेक्सिनिडाझोल सापडलं जे १९८० च्या दशकात सोडून दिलेलं होतं, मग सनोफीबरोबर ट्रायल्स केल्या आणि २०१८ ला युरोपच्या ईएमएनं (औषधं तपासून मंजुरी देणारी तिकडची संस्था) होकार दिला. १० दिवस गोळ्या, सुई नाही.

आता हे अडगळ उपसायचं काम मशीनकडून करून घ्यायचं चाललंय. २०२१ मध्ये डीएनडीआय आणि गूगलच्या डीपमाइंडनं चागास (दक्षिण अमेरिकेकडचा परजीवीचा आजार) आणि लेशमॅनियासाठी (आपला बिहारकडचा काळा आजार) अल्फाफोल्ड, म्हणजे प्रोटीनचा आकार काढणारं एआय, वापरायचं जाहीर केलं, नंतर बेनेव्होलंटएआय या कंपनीबरोबर डेंग्यूसाठी, की आधीपासून मंजूर असलेल्यातलं काही डेंग्यूला चालतं का. डेंग्यूवर आजही विषाणू मारणारं औषध नाही, पाणी पाजा, पॅरासिटामॉल द्या, प्लेटलेट बघत बसा. दर पावसाळ्यात सिडको-इंदिरानगरला काय होतं ते सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच, की कुठलं एआय वापरलं यावर आपण फार बोलतो आणि करारात काय लिहिलंय यावर कुणीच बोलत नाही. गोळी शेवटी किती रुपयाला आणि कोण बनवणार हे मॉडेल ठरवत नाही, कागद ठरवतो. बोला.

---

पंचवटी_एक्सप्रेस

वाचनखूण साठवली. आयटीवाला आहे, फार्मातलं कळत नाही, पण लायसन्सचं कळतं म्हणून बोलतो.

प्रोटीनचा आकार काढायला पूर्वी एकेका प्रोटीनला महिने-वर्षं लागायची, अल्फाफोल्डनं २०२० च्या स्पर्धेत दाखवलं की कॉम्प्युटरवर निघतो, मग २०२१ ला डेटाबेस खुला केला आणि २०२२ पर्यंत त्यात २० कोटींच्या वर आकार आले, फुकट, कुणीही घ्या, धंद्यासाठी पण घ्या. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यातच गेलं, हसाबिस, जंपर आणि प्रोटीन डिझाइनसाठी बेकर. इथपर्यंत आनंदीआनंद.

पण मे २०२४ ला अल्फाफोल्ड ३ आलं, जे औषधाचं मॉलिक्यूल प्रोटीनला कसं चिकटतं ते पण सांगतं, म्हणजे औषधवाल्यांना खरं हवं ते, तेव्हा कोड दिलाच नाही. शास्त्रज्ञांनी बोंब मारल्यावर नोव्हेंबरमध्ये दिला, तोही फक्त बिगर-व्यावसायिक वापराला. म्हणजे नाशिकची एखादी छोटी कंपनी स्वस्त औषधासाठी वापरू म्हणाली तर दार बंद. म्हणूनच ओपनफोल्ड नावाचा ना-नफा गट आहे, विद्यापीठं आणि कंपन्या मिळून तेच मॉडेल नव्यानं बनवतात आणि अशा लायसन्सखाली सोडतात की धंद्यालाही चालेल. मोठ्या कंपन्या त्यात पैसे का घालतात? दुसऱ्याच्या बंद मॉडेलवर अवलंबून राहायची भीती, दुसरं काही नाही. समाजसेवा वगैरे म्हणू नका हं कुणी.

---

अंबडचा_निवृत्त

धागा चांगला आहे पण जरा पाणी टाकतो. मी आयुष्य क्यूएमध्ये (औषधाचा दर्जा तपासणारं खातं) काढलं आहे, तेव्हा उत्साहावर सही करायची सवय नाही.

प्रिटोमॅनिडची गोष्ट बघा. टीबीचं औषध. हे मॉलिक्यूल पाथोजेनेसिस नावाच्या कंपनीत बनलं, ती कंपनी कायरॉननं घेतली, आणि २००२ मध्ये टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेनं त्याचे हक्क घेतले. अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी कधी? ऑगस्ट २०१९. मॉलिक्यूल हातात असताना १७ वर्षं! आता मला सांगा, एआयनं यातलं नक्की काय वाचवलं असतं? मॉलिक्यूल तर होतंच. वेळ गेला तो प्राण्यांवरच्या चाचण्या, डोस ठरवणं, पेशंट गोळा करणं, ट्रायलला पैसे उभे करणं, कागद. तुमचं मॉडेल पहिल्या दारापर्यंत पळत जातं, पुढं रांग तीच.

आणि एआयवाल्यांनी स्वतः निवडलेलं काय होतं तेही लोकांना सांगत चला. बेनेव्होलंटएआयचं एक्झिमाचं (त्वचेचा आजार) औषध २०२३ ला फेज २ मध्ये, पेशंटवरच्या ट्रायलमध्ये, पडलं. लावून बघितलं, फरक नाही. पडण्यात लाज काही नाही, औषधं पडतातच, नव्वद टक्के पडतात, फक्त फॉरवर्डमध्ये ते येत नाही.

---

कांदाबटाटा

काका +१
बाकी काही कळलं नाही पण भांडण होणारसं दिसतंय म्हणून खुर्ची धरून बसलोय

---

डॉ_सुरगाणा

मी तालुक्याला आहे, टीबी रोज बघतो म्हणून निवृत्त काकांना आधी उत्तर देतो. १७ वर्षं लागली हे खरं, पण त्या १७ वर्षांनी काय दिलं ते पण लिहा की. रेझिस्टंट टीबीला आम्ही दीड-दोन वर्षं औषधं द्यायचो, त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शन, त्यानं कान जायचे. पोरगं बरं व्हायचं आणि बहिरं व्हायचं. आता प्रिटोमॅनिड, बेडाक्विलिन, लिनेझोलिड, ६ महिने, सगळ्या गोळ्या. आपल्या केंद्र सरकारनं मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसकट हा कोर्स २०२४ ला कार्यक्रमात घेतला. कुठल्याही नफेवाल्या कंपनीनं प्रिटोमॅनिड १७ वर्षं सांभाळलं नसतं, मधेच फाइल बंद केली असती.

दुसरा विषय माझ्या जास्त जिव्हाळ्याचा, साप. भात लावणीच्या दिवसांत रात्री-अपरात्री पान लागलेले पेशंट येतात, आधी भगताकडे जाऊन मग आमच्याकडे. देशात वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू असा अंदाज आहे, २००० ते २०१९ च्या आकड्यांवरचा. आणि औषध कुठलं? घोड्याला विष टोचून त्याच्या रक्तातून काढलेलं, पद्धत शंभर वर्षांहून जुनी. विष येतं मुख्यतः तमिळनाडूच्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून, आणि तिकडच्या सापाचं विष नि आपल्याकडच्या सापाचं विष एकसारखं नसतं, त्यामुळे कधी कुप्यांवर कुप्या चढवाव्या लागतात आणि घोड्याच्या प्रथिनांची रिअॅक्शन येते ती वेगळीच.

तर जानेवारी २०२५ मध्ये नेचरमध्ये आलं होतं, वर उल्लेख आलाय त्या बेकरच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लॅबनं आणि डेन्मार्कच्या टेक्निकल विद्यापीठातल्या लोकांनी एआयनं छोटी प्रोटीन्स डिझाइन केली, जी नाग-मण्यार कुळातल्या थ्री-फिंगर टॉक्सिनला (मुख्यतः नसांवर जाणारं विष) जाऊन चिकटतात, आणि विष दिलेले उंदीर वाचले. घोडा लागत नाही, जंतूंमध्ये वाढवता येतात, उष्णतेला टिकतात. वाचून मी खरंच खुर्चीतून उठलो होतो.

पण! माझ्याकडे येणाऱ्यांत घोणस आणि फुरसं भरपूर. त्यांचं विष रक्तावर जातं. आम्ही काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतो, गोठलं नाही की समजायचं, पुढं किडनी जाऊ शकते. थ्री-फिंगरचा आणि या विषाचा संबंध नाही. मॉडेलनं आधी जो प्रश्न सोडवला तो माझ्या ओसरीवर बसलेल्या बाईचा नव्हता. हे दोष म्हणून नाही सांगत, कुठला प्रश्न आधी घ्यायचा हे कोण ठरवतं ते विचारतोय.

---

गोदाकाठची_ताई

डॉक्टर, शेवटच्या ओळीसाठी दंडवत. हाच मुद्दा आहे.

सातपूरकर कागद म्हणाले त्यावर दोन गोष्टी टाकते, मी रुग्णहक्काच्या कामात आहे.

एक, बॅरिसिटिनिब. संधिवाताची गोळी. फेब्रुवारी २०२० मध्ये बेनेव्होलंटएआयच्या लोकांनी त्यांच्या सिस्टीममधून शोधून लॅन्सेटमध्ये लिहिलं की ही कोविडला चालू शकेल, आणि चालली, ट्रायलमध्ये सिद्ध झाली, डब्ल्यूएचओनं २०२२ ला शिफारस केली. काका, ज्या कंपनीचं एक्झिमाचं औषध पडलं तिचंच हे, दोन्ही लिहायला हवं ना. पण भारतात ती गोळी मिळाली ती एआयमुळे नाही, मे २०२१ मध्ये गोळीची मालक लिली कंपनीनं सिप्ला, ल्युपिन, सन वगैरेंना रॉयल्टी न घेता बनवायचं लायसन्स दिलं म्हणून. दुसऱ्या लाटेत काय भावानं काय विकलं गेलं हे नाशिककरांना आठवत असेल. एआयचा सल्ला आधीचा, लायसन्स सव्वा वर्षानं.

दोन, बेडाक्विलिन. त्याच्या गोळीच्या स्वरूपावरचं वाढीव पेटंट मिळालं असतं तर २०२७ पर्यंत एकाच कंपनीच्या हातात राहिलं असतं. टीबीतून वाचलेल्या दोघी उभ्या राहिल्या, एक मुंबईची एक दक्षिण आफ्रिकेची, दोघींचे कान टीबीच्या औषधांनीच गेलेले, आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट ऑफिसनं ते वाढीव पेटंट नाकारलं. म्हणून आज इथल्या कंपन्या बनवू शकतात.

म्हणून ना-नफा संस्था एआय कंपनीबरोबर बसते तेव्हा माझा पहिला प्रश्न हा, की मॉलिक्यूल निघालं तर गरीब देशांसाठी हक्क कुणाचे, हे कामाला सुरुवात करायच्या आधी लिहिलंय का? नंतर कुणी लिहीत नाही. यश आलं की माणसं बदलतात.

---

कांदाबटाटा

ताई राजकारणात या, मत देतो

---

बीफार्म_तिसरं_वर्ष

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक बाळबोध प्रश्न विचारू का, आम्ही कॉलेजची पोरं यात काही करू शकतो का, की हे सगळं केंब्रिज-बोस्टनवाल्यांचं? आमच्याकडे एआय म्हणजे सेमिनारला एक पीपीटी, आणि प्रोजेक्ट म्हणजे गेल्या बॅचचं हर्बल क्रीम नवीन सुवासात.

---

अंबडचा_निवृत्त

हर्बल क्रीमवर हसू नकोस, आमच्या वेळीही तेच होतं :)

---

गोदाकाठची_ताई

@बीफार्म, का नाही? आपल्याच देशात झालंय. २००८ मध्ये सीएसआयआरनं (केंद्र सरकारची संशोधन परिषद) ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी काढलं होतं, समीर ब्रह्मचारी तेव्हा महासंचालक. टीबीच्या जंतूची जवळपास ४००० जनुकं, कुठलं काय करतं याची माहिती देशभरच्या शेकडो विद्यार्थ्यांनी शोधनिबंध वाचून वाचून ऑनलाइन भरली, बरेचसे साध्या कॉलेजांतले. तेव्हा एआय शब्द कुणी वापरत नव्हतं पण आज मॉडेलला जे खायला घालतात ते हेच. पुढं ते थंडावलं, सरकारी उत्साहाचं जे होतं ते झालं. पण कल्पना जगाच्या पुढची होती हे मी कुठंही सांगेन.

आणि कोविड मूनशॉट बघ. मार्च २०२० ला ऑक्सफर्डजवळच्या डायमंड लॅबनं विषाणूच्या एका प्रोटीनला कुठं काय चिकटतं ते जाहीर केलं आणि जगाला म्हटलं डिझाइन पाठवा. १८,००० च्या वर आली. त्यातली कुठली बनवायला सोपी हे मशीन लर्निंगनं ठरवलं, सुमारे २,४०० प्रत्यक्ष बनवली, बरीचशी युक्रेनच्या एका कंपनीनं, पेटंट कुणी घेतलं नाही, सगळा डेटा उघडा. नंतर डीएनडीआय पुढं घेऊन गेली.

---

पंचवटी_एक्सप्रेस

@बीफार्म आता माझ्याकडून. लासलगाव आलं, नेटवर्क आहे तोवर लिहून घेतो.

एर्सिलिया म्हणून ना-नफा संस्था आहे, बार्सिलोनाची, तयार एआय मॉडेल्स एका जागी ठेवलीत, हे मॉलिक्यूल मलेरियाच्या जंतूवर चालेल का, विषारी असेल का, विरघळेल का, तू स्माइल्स (मॉलिक्यूलची रचना अक्षरांत लिहिलेली) टाकायचंस, उत्तर येतं. त्यांनी केपटाउन विद्यापीठाच्या एचथ्रीडी या औषध शोधणाऱ्या सेंटरबरोबर काम केलंय, तिथं मशीन लर्निंगची मोठी टीम नव्हती, तरी त्यांच्याच लॅबच्या डेटावर मॉडेल्स बांधून रोजच्या कामात लावली. केपटाउनला जमतं तर गंगापूर रोडला का नाही?

आणि मलेरियासाठी एमएमव्ही ही ना-नफा संस्था आणि युरोपातली ईएमबीएल-ईबीआय यांनी २०२१ मध्ये एमएआयपी नावाची सेवा काढली. त्यातली आयडिया भारी आहे. कंपन्या आपला गुप्त डेटा कुणाला देणार नाहीत, मग सगळ्यांना एकच कोड दिला, प्रत्येकानं आपापल्या घरी आपल्या डेटावर मॉडेल शिकवलं आणि फक्त शिकलेलं मॉडेल बाहेर पाठवलं, ती सगळी जोडून एक केलं. वेबवर फुकट आहे. कुणाचं मॉलिक्यूल कुणाला दिसलं नाही.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव

हे शेवटचं आम्हाला लगेच कळलं. द्राक्षवाला आपण काय फवारलं ते शेजाऱ्याला मेला तरी सांगत नाही, पण सल्लागार दहा बागा फिरतो, सगळ्यांचं बघतो, आणि अकराव्या बागेत शहाणपण सांगतो. एवढंच ना?

फक्त सल्लागार कुणाचा माणूस आहे ते बघून घ्या. औषधाच्या दुकानाचा असला की सगळ्या बागांना एकच रोग निघतो.

---

सातपूरकर (धागाकर्ता)

@द्राक्षबाग, दादा पूर्ण धागा दोन ओळींत. ना-नफा संस्था मधे का हवी याचं याहून चांगलं कारण मला देता आलं नसतं.

@काका, रांग तीच हे मान्य, पण पहिलं दार फुकटचं नाही हो. ज्या आजाराला गिऱ्हाईक नाही तिथं मॉलिक्यूल शोधायला माणसंच लावत नाहीत, म्हणून ट्रायलची रांग पण लागत नाही. प्रिटोमॅनिड निदान कुणाच्या तरी कपाटात होतं, घोणसीच्या विषावर कपाटात काय आहे? मोजकं. एमआयटीवाल्यांनी २०२० मध्ये हॅलिसिन नावाचं अँटिबायोटिक काढलं ते सुमारे २,३०० मॉलिक्यूल्सच्या डेटावर शिकवलेल्या मॉडेलनं, आणि मूळ मॉलिक्यूल डायबेटीससाठी बघितलेलं. एवढ्याशा डेटात होतं म्हटल्यावर आपल्याकडे काय पडलंय ते बघा ना. इथं नाशकात, सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी मिळून किती लॅब, किती वर्षांचे स्टॅबिलिटीचे, सॉल्युबिलिटीचे, इम्प्युरिटीचे आकडे. यातलं जे फसलं ते कुठंच छापत नाही. मी पूर्वी जिथं होतो, नाव नको, तिथं प्रोजेक्ट बंद झाला की वह्या खोक्यात आणि खोकी गोडाउनला. मॉडेलला 'हे चालत नाही' हे शिकवायला तेच तर लागतं, आणि शोधनिबंधात सगळं चाललेलंच असतं.

आपण म्हणजे जगाची गोळी बनवणारे. अंबडला जीएसकेच्या कारखान्यात हत्तीरोगासाठीची अल्बेंडाझोल बनते, ती कंपनी डब्ल्यूएचओला दान देते, कुठल्या कुठल्या देशांतली पोरं नाशिकची गोळी खातात. कारखाना म्हणून आपण या साखळीत आहोतच. डेटा म्हणून का नाही, हा माझा प्रश्न.

---

अंबडचा_निवृत्त

भावना पोचल्या. आता क्यूएचं ऐका. त्या खोक्यांतल्या निम्म्या वह्यांत कॉलम कुठला, तापमान काय, कॅलिब्रेशन झालं होतं का, हे धड लिहिलेलं नसेल. तो कचरा मॉडेलला घातला तर मॉडेल आत्मविश्वासानं कचरा बोलेल. आधी कुणीतरी बसून तो डेटा साफ करायला लागेल, त्याला पगार कोण देणार? एआय कंपनीला मॉडेलसाठी पैसे मिळतात, ट्रायलसाठी फाउंडेशन देतं, मधल्या या हमालीला देणगीदार मिळत नाही कारण तिचा फोटो निघत नाही.

ते जमवणार असाल तर मी यायला तयार आहे. जुनी रजिस्टरं वाचता येणारी माणसं आता कमी उरलीत, आणि घरी बसून सूनबाईला सल्ले देण्यापेक्षा बरं.

---

गोदाकाठची_ताई

काका, तुम्ही विरोधात होतात ना? :))

पण गंभीरपणे, कंपन्यांना वह्या उघडायला लावायच्या तर आधी साधा करारनामा लागेल, की यातून कुणाचं ट्रेड सीक्रेट जाणार नाही आणि निघालेलं मॉडेल उघडं राहील. मसुदा लिहायला मी वकील मैत्रिणीला विचारते. पेटंट संपलेल्या औषधांपासून सुरू करा, तिथं कुणाच्या पोटात दुखणार नाही.

---

डॉ_सुरगाणा

माझी पण एक पाटी लावून ठेवा. कुणी विषावर मॉडेल चालवणार असेल तर चावलेल्या सापाची ओळख, नळीतलं रक्त किती वेळात गोठलं, किती कुप्या लागल्या, हे सगळं सरकारी केसपेपरवर असतं, हातानं लिहिलेलं. पेशंटचं नाव काढून, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन देता येईल. अक्षर माझंच आहे त्यामुळे वाचायला पण मीच लागेन.

---

बीफार्म_तिसरं_वर्ष

काल रात्री होस्टेलवर चौघांनी मिळून एमएआयपीवर मॉलिक्यूल्स टाकून बघितली, कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्ट्समध्ये सिंथेसाइज केलेली होती ती. काहींना बरा स्कोअर आला!! सरांना दाखवलं तर म्हणाले छान, पण प्रत्यक्ष जंतूवर टेस्ट कुठं करणार. ते काही सुचेना. यादी इथं टाकू का? काका बघाल का एकदा?

---

अंबडचा_निवृत्त

यादी टाक. स्कोअर नंतर, आधी प्रत्येकाची शुद्धता किती होती आणि कशानं मोजली ते लिही. आणि पाण्यात विरघळत होतं का ते पण. नसेल मोजलं तर नाही मोजलं असं लिही, अंदाज चालणार नाही.

---

बीफार्म_तिसरं_वर्ष

काका, वही शोधावी लागेल. सिनियर पास आउट होऊन पुण्याला गेलाय, त्याला फोन लावतोय.